माझ्या डोक्यात अडकलेली तीन पाती

मी होडीच्या मागच्या फळीला लटकलेली मोटर बोलतेय, आणि आज आवाज चढवूनच बोलणार आहे. माझ्यावर आळ आला. फक्त माझ्यावर आला असता तर गिळला असता. लोखंडाला शिव्या खायची सवय असते. पण तोच आळ माझ्या मालकिणीच्या कपाळी लागला, आणि तोही कागदावर, शाईने. ज्यांनी तो लावला त्यांनी सगळ्यांना विचारलं. मला उघडून बघायची तसदी मात्र एकानेही घेतली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका मोठ्या टाकीत मला पहिल्यांदा सुरू केलं, अर्धा तास चालवलं, बंद केलं, पुसलं आणि खोक्यात घातलं. पहिला मालक हौशी होता. त्याने मला दोन रविवार फिरवलं, मित्रांना दाखवलं आणि टाकीत पेट्रोल तसंच ठेवून गॅरेजच्या कोपऱ्यात उभं केलं. तीन वर्षं. पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला, तो कार्बोरेटरच्या बारीक वाटांमध्ये बसला, आणि मग हाच गृहस्थ दोरी ओढून ओढून दमला की म्हणायचा, "भंगार माल दिला गळ्यात मारून." माणसांची ही रीत मी तेव्हाच ओळखली. आधी हेळसांड करायची, मग वस्तूला नावं ठेवायची.

दुसरा मालक खाडीवर होडी चालवायचा. त्याने मला त्या कोपऱ्यातून उचललं, घरी नेलं, कार्बोरेटर उघडून एकेक भोक सुईने साफ केलं. तिसऱ्या ओढीला मी सुरू झाले. त्या दिवसापासून बावीस वर्षं मी त्याच घरात आहे. खाडीचं पाणी खारं, म्हणून तो रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून पाच मिनिटं चालवायचा. आतलं मीठ धुतलं जायचं. तो गेला तेव्हा त्याच्या बायकोने तेराव्या दिवशी माझा होडी वळवायचा दांडा हातात घेतला. दोन्ही काठांवरचे लोक तिला काकू म्हणतात, मीही तेच म्हणेन. काकूंनी एक संध्याकाळही ते पिंप चुकवलं नाही. तापाने फणफणल्या होत्या तेव्हासुद्धा, अंगावर शाल घेऊन.

आता माझ्या शरीराबद्दल दोन शब्द सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

माझ्या डोक्यात दोन सिलिंडर आहेत. ते चालू असताना भट्टीसारखे तापतात. म्हणून पाण्यात बुडालेल्या माझ्या पायाशी एक पंप आहे. त्यात रबराचं चक्र, चक्राला सहा पाती. ते फिरतं, खाडीचं पाणी वर ढकलतं, पाणी माझ्या डोक्याभोवती फिरतं, उष्णता घेऊन खाली पडतं. वर जाता जाता, डोक्यापर्यंत पोचण्याआधीच, त्यातलं थोडं पाणी एका बारीक भोकातून पिचकारीसारखं बाहेर उडतं. त्याला आमच्या धक्क्यावर धार म्हणतात.

या धारेवर आमच्याकडच्या लोकांचा इतका भरवसा, की विचारू नका. होडीत पाय ठेवण्याआधी जो तो वाकून धारेत बोट घालतो. आजोबा घालतात, नातवंडं घालतात, नवी नवरीसुद्धा नवऱ्याकडे बघत हळूच घालते. "धार आहे ना? मग बसा." धार आहे म्हणजे पाणी आहे, पाणी आहे म्हणजे मोटर ठणठणीत. पाण्याची ती पिचकारी कुठल्या वळणावरून निघते, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

सगळ्यात जास्त भरवसा होता डॉक्टरचा. हा डॉक्टर माणसांचा नव्हे. धक्क्यामागच्या गल्लीत त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून तो ऐकतो, म्हणून डॉक्टर. हात बरा आहे, मी खोटं बोलणार नाही. जीभ मात्र हातापेक्षा लांब.

दर वर्षी काकू मला त्याच्याकडे प्लग आणि गिअरचं तेल बदलायला नेतात. यंदाही नेलं. दुकानात एक नवं गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्यासमोर डॉक्टरला फुशारकी सुचली. "ही मोटर बघा, पंचवीस वर्षांची म्हातारी. माझ्या हाताखाली आहे म्हणून एका ओढीत उठते." आणि मला लाकडी घोडीवर, कोरड्या हवेत, पाण्याचा थेंब नसताना त्याने दोरी ओढली.

मी उठले. काय करणार, सवय. पंपाचं चक्र कोरडंच घासू लागलं. रबराला पाण्याशिवाय अर्धं मिनिटही सोसत नाही. जळका वास सुटला तेव्हा डॉक्टरने घाईघाईने मला बंद केलं. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. डॉक्टरने माझा पाय उघडला. सहापैकी तीन पाती मुळापासून तुटली होती.

तुटलेली पाती कुठे गेली? हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडेल. डॉक्टरला पडला नाही. पडला असेल तर त्याने तो गिळला. ती पाण्याच्या वाटेने वर सरकून बसली होती. त्याने जुनं चक्र खिडकीतून मागच्या कचऱ्यात भिरकावलं, नवं बसवलं, पिंपात धार बघितली आणि काकूंना म्हणाला, "काकू, पंपाचं चक्र झिजलं होतं. नवं टाकलंय. तुमच्याकडून काय घ्यायचं, माझ्यातर्फे भेट समजा."

काकूंचे डोळे भरून आले. "तुझं भलं होवो रे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात परसातली लिंबं पोचती झाली.

माझा संताप तिथून सुरू झालाय, आणि अजून उतरलेला नाही.

काकू मला कधी पिळत नाहीत. अर्ध्या वेगाने, सावकाश, लोकांच्या गप्पा संपायच्या बेताने काठ गाठतात. तेवढ्या वेगाला पाणी कसंबसं पुरत होतं, म्हणून दोन महिने निभावलं. त्या सोमवारी मात्र ओहोटी जोराची, वारा उलटा, आणि होडीत सात माणसं. त्यांत पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक. काकूंनी मला पूर्ण वेग दिला. खाडीच्या मध्यावर माझं डोकं असं तापलं की रंग करपल्याचा वास आला. माझा सूर बसला. मी गुदमरले, अडखळले.

काकूंनी क्षणात मला बंद केलं. तेवढं केलं म्हणून आज मी बोलतेय. आणखी दोन मिनिटं रेटलं असतं तर पिस्टन जागीच चिकटले असते. मागच्या बाकावरचा एकजण वाकून म्हणाला, "पण धार तर होती की. मी बोट लावलं होतं."

काकूंनी वल्ही काढली, पण ओहोटीपुढे दोन हातांचं काय चालणार? होडी चिखलात रुतली. पाणी परत चढेपर्यंत अडीच तास सगळे तिथेच. मुख्याध्यापक उतरून ढकलायला गेले आणि त्यांचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मुख्याध्यापकांनी तक्रार दिली, आणि ती देणं त्यांचा हक्कच होता.

धक्क्यावरच्या कार्यालयातल्या साहेबांनी काकूंना बोलावलं. तज्ज्ञ म्हणून डॉक्टरलाही. मला व्हरांड्यात उभं केलं होतं, खिडकी उघडी होती.

"काय झालं असेल?" साहेबांनी विचारलं.

"पंप मी स्वतः नवा टाकलाय साहेब. धार होती, हे सातही जण सांगतील. पाणी आहे आणि तरी तापली म्हणजे एकच कारण. पेट्रोलमध्ये तेल कमी पडलं. काटकसर करतात लोक, त्याला आपण काय करणार."

काकू उभ्याच राहिल्या. "मी तेल कमी घालते?"

"तसं नाही काकू. वय झालं, हात हलतो, अंदाज चुकतो. होतं माणसाकडून."

माझ्यासारख्या मोटरच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. काकू ते स्टीलच्या मापाने, मापाच्या कडेला डोळा लावून मोजतात. थेंब जास्त झाला तरी परत बाटलीत ओततात. हे डॉक्टरने शंभरदा बघितलेलं. त्याहून वाईट म्हणजे, त्याच सकाळी त्याने माझे प्लग काढून पाहिले होते. दोन्ही तेलाने ओलसर, चॉकलेटी. तेल पुरेसं असल्याचा पुरावा त्याच्या चिमटीत होता. त्याने तो पुसून परत बसवला.

साहेबांनी नोंदवहीत लिहिलं: 'तेलाचे प्रमाण कमी ठेवल्याने इंजिन तापले. चालिकेचा निष्काळजीपणा.' परवाना काढून घेतला. आठ दिवसांत मोटर पूर्ण वेगाने तासभर चालवून दाखवा, नाहीतर फेरी दुसऱ्याला. दीर त्याच संध्याकाळी येऊन म्हणाला, "वहिनी, भंगारवाल्याला सांगू का? घेऊन जाईल." मी दाराशीच उभी होते. निदान जरा लांब जाऊन बोलायचं.

दुसऱ्या दिवशी काकूंची नणंद आली. काकूंच्या यजमानांची थोरली बहीण, काकू तिला वन्सं म्हणतात. शहरात तिचं गिझर, शेगड्या आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि दोघी कधी सरळ बोलत नाहीत.

"तेल चोरतेस म्हणे तू," वन्सं पायरी चढता चढता म्हणाल्या.

"तुमच्याच घराण्यात शिकले."

"दाखव तुझी सवत कुठेय ती. माझा भाऊ तुझ्यापेक्षा हिलाच जास्त जपायचा."

मला पिंपात लावलं. वन्संनी धारेकडे बघितलंसुद्धा नाही. पाच मिनिटं वेगात चालवलं आणि तळहात माझ्या अंगावरून फिरवू लागल्या, पायापासून वर. डोक्याशी येताच हात झटकला. मग धारेत बोट घातलं.

"वहिनी, इकडे ये. धार गार आहे आणि डोकं तव्यासारखं. कसं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही धार डोक्यातून आलेलीच नाही. खालच्या खाली फुटून येतेय. माझ्याकडे गिझर येतात तसे. नळाला पाणी धो धो आणि आतली कॉइल जळून कोळसा. बाई म्हणते, पाणी तर येतंय हो. येतंय, पण कुठून?"

बावीस वर्षांत हा प्रश्न विचारणारी पहिली व्यक्ती. मला बोलता आलं असतं तर मी तिथेच रडले असते.

डोक्याचे बोल्ट मिठाने धरले होते. दुसरा कुणी असता तर त्याने पान्यावर पाइप चढवून जोर केला असता आणि बोल्ट तोडला असता. वन्संनी तेल सोडलं, बर्नरने शेकलं, पुन्हा तेल सोडलं आणि चहा मागितला. "उपटून निघणारं काही असलं तर ते दात. याला वेळ द्यायचा." दोन दिवस दिला. तिसऱ्या सकाळी बोल्ट कुरकुरत सुटले.

आधी निघाला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की उघडणारी छोटी झडप. तो काकूंच्या दुधाच्या पातेल्यात उकळला. "माझं पातेलं," काकू म्हणाल्या. "नवं घेऊन देईन. बघ, उघडला. हा निर्दोष." मग प्लगच्या भोकातून टॉर्च मारला. सिलिंडरची भिंत आरशासारखी. "तेल कमी असतं तर इथे ओरखडे दिसले असते. एक नाही. वहिनी, तू सुटलीस."

काकू पायरीवर टेकल्या. पदराने चष्मा पुसत राहिल्या.

मग डोक्याचं झाकण उघडलं. पाणी आत शिरतं त्या वळणावर, एकावर एक दाबून बसलेली, काळी, रबराची तीन पाती.

वन्संनी ती चिमट्याने काढून वर्तमानपत्रावर मांडली. पाय उघडून नवं चक्र बघितलं. सहाच्या सहा पाती शाबूत. "म्हणजे ही आधीच्या चक्राची. आणि तीन पाती एका वेळी झिजून तुटत नाहीत. मोटर कोरडी चालवली की तुटतात. तू कधी चालवलीस?"

"पाण्याबाहेर दोरीला हात लावला तर हे हातावर मारायचे," काकू म्हणाल्या. मग त्यांनी एक पातं उचलून तळहातावर घेतलं. "वन्सं, त्याने चक्राचं काही घेतलं नव्हतं. भेट म्हणाला. मी त्याला लिंबं दिली."

वन्संनी वाटा खरवडून धुतल्या, गॅस्केटच्या जाड कागदातून झाकणाच्या सांध्यात बसणारी नवी गॅस्केट कापली, सगळं बसवलं. सातव्या दिवशी साहेब स्वतः होडीत बसले, मुख्याध्यापकही, नव्या बुटांत. तासभर, पूर्ण वेगाने, ओहोटीच्या उलट. माझं डोकं कोमट होतं. वन्संनी साहेबांचा हात धरून त्यावर ठेवला, आणि कार्यालयात परतल्यावर, मला व्हरांड्यात उभं करून, ती तीन पाती त्यांच्या टेबलावर.

साहेब भला माणूस. नोंदवहीत लिहिलं, 'बिघाड दुरुस्त. परवाना परत.' परवाना पुढे केला.

काकूंनी घेतला नाही. नोंदवही स्वतःकडे वळवली, वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही खोडा."

"ती जुनी नोंद आहे बाई. तशीच राहते. कोण वाचतंय?"

"मी वाचली ना."

"परवाना मिळतोय, अजून काय पाहिजे?"

"तो ठेवा तुमच्याकडे. आधी ही ओळ."

आणि त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, माझ्याशेजारी. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. ठणठणीत मोटर, पाण्यात होडी, आणि फेरी बंद. लोकांना पुलावरून मोठा वळसा पडू लागला. जे कालपर्यंत हळहळत होते ते कुरकुरू लागले. "एवढं कशाला ताणायचं? एका ओळीने काय बिघडतं?" ज्यांच्या नावाची ओळ नसते त्यांना एका ओळीने काहीच बिघडत नाही.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले. डॉक्टर कार्यालयात काही कामाला आला होता. मुख्याध्यापकांनी त्याला व्हरांड्यातच गाठलं.

"माझ्या तक्रारीत तेलाचा शब्द नाही. तेल कमी होतं, हे तुम्ही कशावरून म्हणालात?"

"अनुभवावरून सर."

"वर्गात असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभा करतो. मोजलं होतंत? प्लग पाहिले होतेत?"

सर आत गेले तसा डॉक्टर काकूंच्या बाकाच्या टोकाला टेकला.

"मिटवा ना काकू. गिऱ्हाईकं विचारतात मला. ते चक्र मी भेट दिलं होतं, ते तरी आठवा."

"रोज आठवतं. भेट होती, की झाकण होतं?"

त्याने हातातला पाना बाकावर ठेवला, पुन्हा उचलला.

"अर्धं मिनिट," शेवटी म्हणाला. "अर्धं मिनिटच चालवली होती कोरडी. मला वाटलं, काही होणार नाही."

"हे मला माहीत आहे. आत जाऊन सांग."

"आत सांगितलं तर माझ्याकडे कोण येईल?"

"मी येईन," काकू म्हणाल्या. "दर वर्षी येते तशी. पण जुना भाग काढलास की माझ्या हातात द्यायचा."

तो गेला. खिडकीतून मला त्याचा आवाज ऐकू आला, पहिल्यांदाच इतका बारीक. साहेबांनी ती ओळ लाल शाईने खोडली, शेजारी सही केली. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि परवाना पदरात बांधला.

खोडलेल्या ओळीच्या जागी दुसरी ओळ मात्र कुणी लिहिली नाही. काकूंच्या न केलेल्या चुकीला 'निष्काळजीपणा' हा शब्द मिनिटभरात सापडला होता. डॉक्टरने केलेल्या चुकीला त्या वहीत आजही शब्द नाही. हे मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका.

मी आता पुन्हा फेऱ्या मारते. म्हातारी झालेय हे खरंच आहे. गिअर वाजतो, थंडीत दुसऱ्या-तिसऱ्या ओढीशिवाय उठत नाही. एक दिवस मी माझ्याच वयाने, माझ्याच झिजेने खाडीच्या मध्यावर थांबेन. त्या दिवशी मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. तो गुन्हा माझा असेल आणि मी तो कबूल करीन. फक्त त्याआधी माझं डोकं उघडून बघा. आणि तोवर मागच्या बाकावर बसून, दांडा धरलेल्या बाईकडे बोट दाखवू नका.